बुद्धीचें माप कशासाठीं?

कांहीं दिवसांपूर्वीं माझ्या ओळखीचे एक गृहस्थ संध्याकाळीं घरीं आले. नेहमींचें मोकळें बोलणें नाहीं, चहाचा पेला हातांत तसाच. थोड्या वेळानें त्यांनीं खिशांतून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढें ठेवला. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेंत साऱ्या वर्गास एकत्र बसवून बुद्धिमापनाची एक छापील कसोटी देण्यांत आली होती. तिचा निकाल त्या कागदावर होता. निकाल म्हणजे केवळ एक आंकडा : ७८.

"परीक्षेंत अठ्ठ्याहत्तर मिळाले असते तर आम्हीं पेढे वांटले असते," ते म्हणाले. "पण हे अठ्ठ्याहत्तर निराळे. सर्वसाधारण मुलाचा आंकडा शंभर असतो म्हणे. आतां या मुलाच्या शिक्षणासाठीं धडपड करण्यांत कांहीं अर्थ उरला आहे काय, तेवढें मला सांगा."

त्या रात्रीं मीं त्यांना जें सांगितलें, तेंच आज आपणांस थोड्या विस्तारानें सांगावें असें योजिलें आहे. कारण हा प्रश्न कांहीं एकाच घरचा नव्हे. बुद्धीच्या, आवडीच्या, कलाच्या कसोट्या आज अनेक शाळांतून घेतल्या जातात, आणि असे कागद अनेक घरीं येतात. हा आंकडा प्रथम कोणी शोधून काढला, आणि कशासाठीं, हें एकदां कळलें, म्हणजे त्याला किती मान द्यावयाचा हें ठरविणें सोपें जातें.

ही हकीकत पॅरिस शहरापासून सुरू होते. फ्रान्समध्यें १८८२ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. त्यापूर्वीं ज्या मुलाला शाळा झेपत नसे, तें बहुधा शाळेंत टिकतच नसे. त्यामुळें त्याचा प्रश्नही कोणास पडत नसे. सक्ति आली आणि सर्व थरांतील मुलें एका बाकावर येऊन बसलीं. तेव्हां शिक्षकांच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं मुलें वर्षानुवर्षें त्याच इयत्तेंत अडून राहतात. हीं मुलें आळशी कीं हट्टी? आजारी कीं खरोखरच मंद? शिक्षकांनीं सांगावें, तर खोड्या करणारें मूल मंद ठरण्याचा संभव, आणि गप्प बसणारें मूल मागल्या बाकावर विसरलें जाण्याचा. डॉक्टरांकडे जावें, तर एकाच मुलाविषयीं दोन डॉक्टरांचीं दोन मतें पडत. अखेरीस १९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनीं एक समिति नेमली. सामान्य वर्गांतील शिकवण्याचा ज्यांना लाभ होत नाहीं अशा मुलांची सोय कशी करावी, हें तिनें सुचवावयाचें होतें. या समितींत आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ होते.

बिने हे मूळचे कायद्याचे विद्यार्थी. पुढें ते मानसशास्त्राकडे वळले आणि सॉर्बोन येथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्या काळीं डोक्याच्या आकारावरून बुद्धि ओळखतां येते, अशी मोठमोठ्या विद्वानांची समजूत होती. बिने यांनींही शाळांतून जाऊन मुलांचीं डोकीं मोजलीं. हुशार मुलें आणि मागें पडणारीं मुलें यांच्या मापांत त्यांना जो फरक आढळला, तो मिलिमीटरांत सांगण्याइतका अल्प होता. शिवाय त्यांना स्वतःचाच संशय येऊं लागला. अमुक मूल हुशार आहे हें आधीं ठाऊक असलें, कीं मोजणाराचा हात नकळत अधिक माप देतो, असें त्यांच्या लक्षांत आलें. त्यांनीं ती वाट सोडून दिली. आपल्याच मोजमापाविषयीं अशी शंका घेण्याची संवय, हा या माणसाचा मोठा गुण होय.

दुसरी शाळा त्यांच्या घरींच होती. आपल्या दोन मुलींचें त्यांनीं अनेक वर्षें बारकाईनें निरीक्षण केलें, आणि १९०३ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. एकाच घरांत वाढलेल्या त्या दोन बहिणी : एक वस्तूकडे नीट पाहून नेमकें सांगणारी, दुसरी कल्पनेंत रमणारी. दोघीही बुद्धिमान, परंतु दोघींच्या बुद्धीची चाल निराळी. ज्यांच्या घरीं दोन-तीन मुलें आहेत, त्यांना हें निराळें सांगण्याची गरज नाहीं.

समितीच्या कामांतून १९०५ सालीं बिने व त्यांचे सहकारी डॉक्टर तेओदोर सिमों यांनीं तीस कसोट्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. तींत सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम होता. पहिली कसोटी, डोळ्यांपुढें फिरविलेल्या जळत्या काडीकडे मूल पाहतें कीं नाहीं, ही. पुढें चॉकोलेटचा तुकडा आणि तसाच दिसणारा लांकडाचा तुकडा यांतील खाण्याचा कोणता हें ओळखणें. चित्रांतील वस्तूंचीं नांवें सांगणें. ऐकलेले आंकडे त्याच क्रमानें म्हणून दाखविणें. वजनें हातांत घेऊन हलक्या-भारीचा क्रम लावणें. तीन शब्द गुंफून एक वाक्य करणें. आणि शेवटीं दोन सूक्ष्म कल्पनांतील भेद सांगणें.

यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, मुलानें शाळेंत काय पाठ केलें आहे हें येथें विचारावयाचें नव्हतें. समज, निवड आणि विवेक पाहावयाचा होता. म्हणून लिहिण्यावाचण्यावर फारसा भर नव्हता. दुसरी ही कीं, ही परीक्षा एकेका मुलास जवळ बसवून, त्याची भीड मोडून, त्याच्याशीं बोलत घ्यावयाची होती. मूल चुकलें तर कां चुकलें, हेंही परीक्षकास दिसत असे.

१९०८ सालीं या कसोट्या वयांप्रमाणें लावण्यांत आल्या. सात वर्षांच्या बहुतेक मुलांस जें जमतें तें सातव्या वर्षाचें काम, आठ वर्षांच्या बहुतेकांस जमतें तें आठव्या वर्षाचें, अशी ती मांडणी. एखादें दहा वर्षांचें मूल आठव्या वर्षाच्या कामापर्यंतच पोंचलें, तर तें दोन वर्षें मागें आहे असें म्हणावयाचें. पुढें यालाच मानसिक वय हें नांव रूढ झालें.

मागें आहे, म्हणजे तेथेंच राहणार काय? या ठिकाणीं बिने यांचें उत्तर अगदीं स्पष्ट होतें. १९०९ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनीं, मुलाची बुद्धि जन्मतः ठरलेली असून तींत वाढ होणें नाहीं, असें मानणाऱ्या लोकांचा कडक शब्दांत निषेध केला आहे. मागें पडणाऱ्या मुलांसाठीं पॅरिसमध्यें निराळे वर्ग निघाले, तेव्हां तेथें काय शिकवावें याचा त्यांनीं विचार केला होता. वांकडें वाढणारें हाड जसें पट्ट्या बांधून सरळ करतात, तसे मनालाही व्यायाम देतां येतात, असें ते म्हणत. मुलांनीं ठराविक वेळ पुतळ्यासारखें निश्चल राहावयाचें. फळ्यावर मांडलेल्या वस्तु क्षणभर पाहून मग आठवून सांगावयाच्या. हे खेळ दिसण्यांत साधे. परंतु त्यांतून मुलाला लक्ष देण्याची, स्वतःस आवरण्याची, म्हणजेच शिकावें कसें याचीच शिकवण मिळे. वैद्य नाडी पाहतो तो औषध देण्यासाठीं. नाडी पाहून तो रोग्याची किंमत ठरवीत नाहीं. बिने यांची कसोटी ही अशी नाडीपरीक्षा होती.

१९११ सालीं, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, बिने निवर्तले. यानंतर त्यांचें साधन इतरांच्या हातीं गेलें, आणि त्याचा हेतु पालटला.

१९१२ सालीं जर्मनींतील विल्यम स्टर्न यांनीं मानसिक वयास खऱ्या वयानें भागण्याची सूचना केली. तींत तथ्य होतें. सहा वर्षांचें मूल दोन वर्षें मागें असणें आणि बारा वर्षांचें मूल दोन वर्षें मागें असणें, या गोष्टी सारख्या नव्हेत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुइस टर्मन यांनीं १९१६ सालीं आपली सुधारलेली मालिका प्रसिद्ध केली. तींत भागाकारास शंभरानें गुणण्याची रीति होती. सहा वर्षांच्या मुलाचें मानसिक वय चार असेल तर आंकडा ६७; बारा वर्षांच्या मुलाचें दहा असेल तर ८३. हाच बुद्धिगुणांक. हिशेब सोयीचा झाला खरा. परंतु कोणत्या कामांत मूल अडखळलें, तेथें त्याला काय मदत करतां येईल, ही सारी माहिती त्या भागाकारांत नाहींशी झाली. दोन वर्षें मागें असलेलें मूल पुढें येऊं शकेल असें मनांत येतें. ज्याच्या नांवापुढें ८३ लिहिलें आहे तें मूल मात्र कायमचें ८३ चेंच वाटूं लागतें.

मग महायुद्ध आलें. १९१७ व १९१८ या सालांत अमेरिकेच्या सैन्यांतील सतरा लाखांहून अधिक लोकांना छापील कागदांवर कसोट्या देण्यांत आल्या. एका माणसाजवळ एक परीक्षक बसण्याची पद्धति येथें संपली. एका खोलींत शेंकडों लोक बसूं लागले. प्रश्नांत अमेरिकेंतील व्यापारी मालाचीं आणि खेळाडूंचीं नांवें विचारलेलीं होतीं. बोटींतून नुकतेच उतरलेल्या इटालियन किंवा पोलिश माणसास तीं कोठून ठाऊक असणार? पुढें या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञांनीं १९२३ सालीं एक पुस्तक लिहिलें, आणि युरोपच्या दक्षिणेकडून व पूर्वेकडून येणारे लोक बुद्धीनें हलके असतात असा निष्कर्ष काढला. जे लोक अमेरिकेंत अधिक वर्षें राहिले होते त्यांचे गुणही अधिक होते, ही गोष्ट त्या आंकड्यांतच दिसत होती. तिचा सरळ अर्थ मात्र त्यांनीं घेतला नाहीं. १९३० सालीं याच ब्रिगहॅम यांनीं आपला निष्कर्ष निराधार होता असें लिहून तो मागें घेतला. त्यांच्या या प्रांजलपणाचें कौतुक केलें पाहिजे. परंतु पुस्तक मागें घेतां येतें. त्यानें लोकांच्या मनांत रुजविलेला समज तितक्या सहजपणें मागें घेतां येत नाहीं.

इंग्लंडांत निराळा प्रकार घडला. लंडनच्या कौंटी कौन्सिलनें १९१३ सालीं सिरिल बर्ट यांना आपल्या शाळांसाठीं मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलें. त्यांनीं मुलांमध्यें पुष्कळ काम केलें. पण बुद्धि ही मुख्यतः वंशपरंपरेनें येते असें त्यांचें मत होतें. १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांना निरनिराळ्या शाळांत वांटून देण्याची पद्धति तेथें सर्वत्र पसरली, आणि त्या परीक्षेंत बुद्धिमापनाच्या प्रश्नांना मोठें स्थान होतें. अकराव्या वर्षीं एका सकाळीं मुलाचा ताप चढला, तर त्याच्या आयुष्याची दिशा बदलावी, असा हा प्रकार. १९६५ नंतर बहुतेक ठिकाणीं ही निवड बंद झाली. बर्ट १९७१ सालीं वारले. त्यानंतर तीन वर्षांनीं, निरनिराळ्या घरीं वाढलेल्या जुळ्या भावंडांविषयींचे त्यांचे आंकडे लेऑन कॅमिन यांनीं तपासले. जुळ्यांच्या जोड्या एकवीसांवरून त्रेपन्नांवर गेल्या, तरी त्यांच्यांतील साम्याचा आंकडा दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तोच राहिला होता! असें निसर्गांत सहसा घडत नाहीं. पुढें बर्ट यांच्या चरित्रकारानेंही त्यांना दोषी ठरविलें. कांहीं अभ्यासकांनीं त्यांची बाजूही मांडली. वाद कसाही मिटो, त्या आंकड्यांवर इतकीं वर्षें विश्वास टाकला गेला, हें खरें.

या इतिहासाची दुसरीही एक धार आहे, ती मार्गदर्शनाची. १९०८ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरांत फ्रँक पार्सन्स यांनीं तरुणांना व्यवसाय निवडण्यास साह्य करणारी एक कचेरी उघडली. त्यांची रीति तीन पायऱ्यांची होती : प्रथम स्वतःस ओळखा, मग व्यवसायांची माहिती करून घ्या, आणि नंतर दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. त्याच वर्षीं पार्सन्स वारले. त्यांचें पुस्तक १९०९ सालीं बाहेर आलें. या रीतींत निर्णय घेणारा तरुण स्वतः असतो, आणि सल्लागार त्याच्या शेजारीं बसलेला असतो, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट.

आपल्या प्रांतींही या दोन्ही धारा येऊन पोंचल्या. बिने यांच्या कसोट्या मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठीं नव्यानें बसविण्याचें कष्टाचें काम व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. हें काम नुसत्या भाषांतराचें नव्हे. पॅरिसच्या मुलास परिचित असलेलें नाणें, चित्र किंवा प्रसंग आपल्याकडील मुलास अपरिचित असतो. शब्द बदलला कीं प्रश्नाचा अवघडपणाही बदलतो. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील मुलांना विचारून, तो कोणत्या वयास शोभतो हें पुन्हां ठरवावें लागतें. १९५० सालीं मुंबई सरकारनें व्यवसाय-मार्गदर्शनाची आपली कचेरी काढली. १९५५ सालीं सी. एम. भाटिया यांनीं ठोकळे, आकृति व चित्रांचे तुकडे यांच्या साह्यानें मुख्यतः हातांनीं करून दाखवावयाच्या पांच कसोट्या प्रसिद्ध केल्या, त्या निरक्षर मुलांनाही देतां याव्यात म्हणून. २०१६ पासून कांहीं वर्षें महाराष्ट्रांत दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणीही घेण्यांत आली.

आज या शास्त्राची स्थिति काय आहे? भागाकाराची जुनी रीति आतां मागें पडली आहे. आपल्याच वयाच्या मुलांच्या तुलनेंत मूल कोठें आहे, एवढेंच हल्लींचा आंकडा सांगतो. शंभर हा मध्य धरतात, आणि सुमारें दोन तृतीयांश मुलें ८५ व ११५ यांच्या दरम्यान असतात. तोच मुलगा पुन्हां बसला तर आंकडा चार-पांच गुण इकडेतिकडे होणारच. म्हणून चांगला परीक्षक एक आंकडा देत नाहीं, एक पट्टा देतो. आणखी एक गोष्ट. जेम्स फ्लिन यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, अमेरिकेंतील लोकांचे गुण दर दहा वर्षांस सुमारें तीनप्रमाणें वाढत आले आहेत. एवढ्या अवधींत रक्त पालटत नाहीं; पालटतात तीं शिक्षण, आहार आणि राहणी. तेव्हां बुद्धीचें माप परिस्थितीच्या स्पर्शापासून अलिप्त आहे, असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं. मात्र हीं मापें अगदींच टाकाऊ आहेत, असेंही समजूं नये. जाणत्या हातांत तीं अजूनही उपकारक ठरतात.

त्याचें उदाहरण म्हणून त्या गृहस्थांच्या मुलाकडे पुन्हां वळूं. माझ्या सांगण्यावरून ते मुलाला घेऊन एका अनुभवी मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले. बाईंनीं मुलाशीं दोन दिवस, एकट्याशीं, बोलत-खेळत कसोट्या घेतल्या. जेथें प्रश्न तोंडीं होते आणि काम हातांनीं करावयाचें होतें, तेथें मुलगा आपल्या वयाच्या इतर मुलांच्या बरोबरीचा, किंबहुना थोडा पुढेंच निघाला. परंतु समोर छापील परिच्छेद ठेवतांच तो थबकला. अक्षरांचा क्रम त्याला लागत नव्हता. शाळेंतील छापील कसोटींत प्रश्न वाचून मग उत्तर द्यावयाचें होतें. वाचतांच न येणाऱ्या मुलाला वाचावयास देऊन त्याच्या बुद्धीचें माप घेतलें होतें! तो ७८ चा आंकडा खोटा नव्हता; तो भलत्याच गोष्टीचा होता.

अशा अडचणीला आज नांव आहे, उपाय आहेत, आणि कायद्याचा आधारही आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें वाचन-लेखनाच्या अशा विशिष्ट अडचणींनाही मान्यता दिली आहे. परीक्षेंत अधिक वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलती अशा मुलांना मिळूं शकतात; आणि त्यासाठीं जो दाखला लागतो, त्याच्या तपासणींत बुद्धिमापनाच्या कसोटीचा उपयोग होतो. म्हणजे एका कसोटीनें ज्या मुलास खालीं ढकललें, त्यालाच दुसऱ्या कसोटीनें हात दिला. दोहोंतील फरक कसोटीचा थोडा, आणि ती घेणाराच्या हेतूचा अधिक.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरीं असा कागद आला, तर घाबरूं नका, आणि आंकडा मोठा असला तर फुशारूनही जाऊं नका. शाळेंत जाऊन नम्रपणें चार गोष्टी विचारा. ही कसोटी एकट्याची घेतली कीं सर्व वर्गाची? मुलाच्या भाषेंत होती काय, आणि आपल्याकडील मुलांवर ती बसविलेली आहे काय? मूल त्या दिवशीं निरोगी व निश्चिंत होतें काय? आणि सर्वांत महत्त्वाचें : या निकालावरून आपण माझ्या मुलासाठीं आतां काय करणार आहांत? या शेवटच्या प्रश्नास उत्तर नसेल, तर तें माप कशासाठीं घेतलें, असें विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

ते गृहस्थ आतां रोज रात्रीं जेवणें झालीं कीं मुलाला इतिहासाचा धडा मोठ्यानें वाचून दाखवितात. मुलगा डोळे मिटून ऐकतो आणि मधेंच प्रश्न विचारतो. त्यांतील कांहीं प्रश्नांचीं उत्तरें आपणांस येत नाहींत, असें ते परवां मला सांगत होते. आणि सांगतांना त्यांचा चेहरा, त्या संध्याकाळीं पाहिला होता तसा, उतरलेला नव्हता.